मिस्सा कधी भरते, कधी कोरडी जाते

मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या आमच्या मुख्य उपासनेचा कंटाळा आला, हे कॅथलिक माणूस फादरांना कधी सांगणार नाही. घरी परतताना बायकोला सांगेल, कॉयरमधल्या (चर्चच्या गायकवृंदातल्या) मित्राला सांगेल, आणि सांगून झाल्यावर स्वतःच ओशाळेल. कारण चर्चमध्ये कोणी करमणुकीसाठी जात नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. तरी त्याची तक्रार खोटी नसते. वेदी तीच, शब्द तेच, फादरही तेच. पण एका रविवारी माणूस भरल्या मनाने बाहेर पडतो आणि दुसऱ्या रविवारी हजेरी लावून आल्यासारखा. असं का होतं, ते जमेल तितकं उलगडून सांगतो. मी दर काही रविवारी वेदीशेजारच्या वाचनपीठावरून बायबलचा उतारा वाचतो, एवढाच माझा अधिकार. वाचणाऱ्यांत कॅथलिक नसलेलेच जास्त असणार असं धरून चाललोय, कारण नाशिकमध्ये आम्ही मूठभरच.

आधी एक घोळ निस्तरू. नाशिककरांना ख्रिस्ती म्हटलं की शरणपूर आठवतं, रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. ती प्रोटेस्टंट परंपरा. कॅथलिक म्हणजे पोपना मानणारे. आमचा नाशिक धर्मप्रांत 1987 साली पुण्यापासून वेगळा झाला, आणि त्यात नाशिकसह अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे येतात. तुम्हाला आमची ओळख बहुधा नाशिकरोडच्या बाळ येशूच्या मंदिरामुळे असेल. फेब्रुवारीत तिथे यात्रा भरते, मुंबई-वसईपासून लोक येतात, आणि मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची (मरियामातेची) यात्रा असते, तिथेही तेच. पण यात्रा, नवस, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), मेणबत्त्या हा सगळा भक्तीचा परिसर झाला. त्याचा गाभा मिस्सा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1963 साली उपासनेवर जो दस्तऐवज काढला त्यात हे स्पष्टच म्हटलंय: लोकांच्या भक्तिप्रथा चांगल्या, पण त्यांनी माणसाला वेदीकडे आणावं. यात्रेला येऊन मेणबत्ती लावून मिस्सेआधीच निघून जाणारा माणूस लग्नाला येऊन मांडवाच्या दारातून परत गेला असं मला वाटतं. असो.

मिस्सेचा सांगाडा दोन भागांचा आहे. पहिला भाग शब्दाचा: बायबलमधली वाचनं, मध्ये एक स्तोत्र, मग येशूचं शुभवर्तमान आणि त्यावर प्रवचन. दुसरा भाग भोजनाचा: भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणतात, त्यावर कृतज्ञतेची मोठी प्रार्थना होते, आणि मग लोक ते ग्रहण करतात. यालाच आम्ही ख्रिस्तप्रसाद म्हणतो. हा सांगाडा किती जुना असेल? इ.स. 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने खुद्द बादशहाला उद्देशून एक निवेदन लिहिलं. ख्रिस्ती लोक जमून काय काय करतात याबद्दल तेव्हा वाटेल त्या कंड्या पिकत होत्या. जस्टिनने सरळ सांगून टाकलं. रविवारी शहरातले आणि खेड्यातले लोक एका जागी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचले जातात. मग अध्यक्ष उपदेश करतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणलं जातं, अध्यक्ष देवाचे आभार मानतो, लोक 'आमेन' म्हणतात, वाटप होतं. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी पोचवलं जातं. ज्यांची ऐपत आहे ते देतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले लोक यांची सोय होते.

आज नाशिकरोडला सकाळच्या मिस्सेला बसणाऱ्या माणसाला हे वर्णन वाचायला दिलं तर पुढे काय येणार ते तो आधीच सांगेल. मिस्सेत जे पोषण आहे त्याचं एक मूळ मला इथे दिसतं. समोर जे चाललंय ते काल रात्री कोणी बसून रचलेलं नाही. कोणता उतारा वाचायचा हेसुद्धा फादर ठरवत नाहीत. रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र ठरलेलं आहे: एक वर्ष मत्तयचं शुभवर्तमान, एक वर्ष मार्कचं, एक वर्ष लूकचं. योहानाचं शुभवर्तमान सणांत आणि पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या काळात येतं. फादरांना नको असलेला उतारा त्या रविवारी आला तर आला. त्यांनाही आपल्यासारखंच त्याच्यापुढे बसावं लागतं. माणसाला आपल्या मनासारखं ऐकायला मिळण्याची सवय लागलेल्या काळात ही सोय मला फार मोलाची वाटते.

आता अवघड भाग. कॅथलिक श्रद्धा अशी की त्या मोठ्या प्रार्थनेत भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. रंग, चव, वास बदलत नाही. आतलं सत्त्व बदलतं. ट्रेंटच्या परिषदेने 1551 साली ही शिकवण नेमक्या शब्दांत मांडली, श्रद्धा त्याच्याही कितीतरी आधीची. तुम्हाला हे पटलं पाहिजे असं नाही. पण हे ठाऊक नसेल तर मिस्सेतल्या एकाही हालचालीचा अर्थ लागणार नाही: गुडघा का टेकतात, दिवा अखंड का तेवतो, खाली पडलेला कण फादर वाकून का उचलतात.

आणि या श्रद्धेतूनच एक ओढाताण निघते. देव समोर आहे म्हटल्यावर माणूस एक पाऊल मागे सरकतो. पण तोच देव 'घ्या, खा' म्हणतोय म्हटल्यावर माणसाने पुढे यायला हवं. मागे सरकणं हा आदर, पुढे येणं ही भूक. चर्चच्या इतिहासात या दोघांचं फारसं पटलेलं नाही. मध्ययुगात आदर इतका वाढला की लोकांनी खाणंच सोडलं. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास फादरांनी भाकर उंच उचलून दाखवायची पद्धत पडली, घंटी वाजू लागली, आणि लोक नुसत्या दर्शनावर समाधानी राहू लागले. अखेर 1215 साली लॅटरन परिषदेला नियम करावा लागला, की वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास तरी ख्रिस्तप्रसाद घ्या. जेवायला बोलावलेल्या माणसाला 'वर्षातून एक घास तरी घे' असा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा. ही गाडी रुळावर यायला 1905 उजाडलं. पोप दहावे पायस यांच्या काळात वारंवार, जमल्यास रोज ख्रिस्तप्रसाद घ्यायला प्रोत्साहन मिळालं, आणि 1910 मध्ये साधारण सात वर्षांच्या मुलांनाही तो खुला झाला. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. 1964 पासून उपास एका तासावर आला.

आता सगळे खातात, आणि काटा दुसऱ्या बाजूला झुकलाय. ख्रिस्तप्रसादाची रांग पाहिली तर कधी कधी रेशनची वाटते. कोणी मागच्याशी बोलतंय, कोणाचा हात खिशात. भूक उरली, पाऊल मागे सरकणं गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की मिस्सा भरते ती ही दोन्ही जागी असतात तेव्हा. आणि खुद्द विधीतच दोन्ही जागी ठेवायची सोय केलेली आहे. रांगेला लागण्याआधी सगळे मिळून जे वाक्य म्हणतात ते एका रोमी शताधिपतीचं आहे. त्याचा चाकर आजारी होता, येशू त्याच्या घरी यायला निघाला, तेव्हा तो म्हणाला, प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही, नुसता शब्द बोल. बोलणारा परका माणूस, यहुदी नव्हे, पलटणीतला अधिकारी. दर मिस्सेत आम्ही त्याच्या तोंडचं वाक्य म्हणतो आणि लगेच उठून पुढे जातो. योग्यता नाही म्हणायचं आणि तरी जायचं. हे घाईत, पाठ केल्यासारखं उरकलं तर पुढच्या रांगेत काही उरत नाही.

घाईचं एक उदाहरण जवळून दाखवतो. मिस्सेच्या सुरुवातीला फादर म्हणतात, "आपण प्रार्थना करू या." मिस्सेच्या पुस्तकातला नियम असा की यानंतर सगळ्यांनी थोडा वेळ गप्प राहायचं. त्या शांततेत प्रत्येकाने आपलं गाऱ्हाणं मनात मांडायचं: मुलाची परीक्षा, आईचा गुडघा, बँकेचा हप्ता. मग फादर हात पसरून जी प्रार्थना म्हणतात ती या सगळ्या मुक्या प्रार्थना एकत्र बांधणारी असते. आता पुष्कळदा होतं काय? "आपण प्रार्थना करू या" आणि त्याच श्वासात पुढची प्रार्थना सुरू. बांधायला काही जमलंच नाही, नुसती दोरी आवळली. तीच गत वाचनानंतर, प्रवचनानंतर, ख्रिस्तप्रसादानंतर. नियमाने या सगळ्या जागी शांतता सांगितलीय. आणि नेमक्या याच जागी आपल्याकडे कॉयर आणखी एक गाणं घुसवतो किंवा कोणीतरी माइकवर सूचना देतो. वाचन संपवून मी पाच-सात श्वास नुसता उभा राहिलो की पहिल्या बाकावरच्या आजी मला खुणेने "चल, बस" म्हणतात. त्यांना वाटतं, हा पुढचं विसरला.

माझ्या मते आदराचं निम्मं गणित या शांततेत आहे. ती महाग नाही, तिला साऊंड सिस्टिम लागत नाही, आणि तरी ती आपण सगळ्यात आधी कापतो.

उरलेलं गणित नजरेचं. मिस्सेतली ती मोठी प्रार्थना लोकांना उद्देशून नसते, ती देवपित्याला उद्देशून असते. फादर आपल्याशी बोलत नसतात, आपल्या वतीने बोलत असतात. काही वाक्यं तर ते आपल्याला ऐकूही जाणार नाहीत अशी पुटपुटतात. द्राक्षारसात पाण्याचा थेंब घालताना ते म्हणतात, आमच्या माणूसपणात जो सहभागी झाला त्याच्या देवपणात आम्हाला सहभाग मिळो. हात धुताना म्हणतात, प्रभू, माझे अपराध धुऊन टाक. कोणी ऐकत नसताना म्हणायची ही वाक्यं जो माणूस मनापासून म्हणतो, त्याच्या बाकीच्या आवाजातही फरक पडतो. उलट, जे फादर दर दोन मिनिटांनी प्रार्थनेत आपली वाक्यं घालतात, विनोद पेरतात, सगळ्यांकडे बघून हसतात, ते लोकांना आवडतात खरे, पण लक्ष त्यांच्यावरच अडकतं. पंगतीत चांगला वाढपी कोणता? पानात हवं ते हवं तेव्हा पडतं आणि वाढून कोण गेलं ते आठवत नाही, तो. वेदीवरचा माणूस तसा हवा. आणि हे एकट्या फादरांना लागू नाही. कॉयर, वाचक, वेदीसेवक पोरं, फुलं लावणाऱ्या सिस्टर, सगळ्यांना लागू. आपल्याकडे बघितलं जातंय याची जाणीव ज्याला झाली त्याच्या हातून मिस्सेचा थोडा कार्यक्रम होतोच.

गाण्याचंही तेच. चर्चमधलं गाणं लोकांनी गायचं असतं, कॉयरने त्यांना हात द्यायचा. प्रत्यक्षात हार्मोनियमवर काळी पाच धरली जाते, कारण मुख्य गायिकेला ती सोयीची. पाचव्या बाकावरचे काका दोन ओळी नेट लावतात आणि मग हात बांधून ऐकत बसतात. पट्टी दोन स्वर खाली आणली असती तर अख्खं चर्च गायलं असतं. कीबोर्डवर ड्रमचा ताल लावून ख्रिस्तप्रसादाच्या वेळी उडतं गाणं म्हणणं हा स्वतंत्र विषय आहे, त्यात पडत नाही. ओवी आणि अभंगाच्या चालीत मराठी ख्रिस्ती गाणं किती खोल उतरतं, हे ज्यांनी खेड्यातल्या प्रार्थनामंदिरात सतरंजीवर बसून ऐकलंय त्यांना पटवावं लागणार नाही.

सतरंजीवरून आठवलं. 1969 सालच्या एप्रिलमध्ये रोमने भारतासाठी बारा मुद्दे मंजूर केले. चपला बाहेर काढून यावं, खाली बसून उपासना करता यावी, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकावं, पंचांग प्रणाम चालावा, मेणबत्तीच्या जागी तेलाची समई, धूप, फुलं, आरती, फादरांनी अंगावर शाल घ्यावी, शांतीची खूण हात जोडून द्यावी. काही कॅथलिकांना तेव्हा हे सगळं परक्या घरचं वाटलं, अजूनही वाटतं. मला त्यात काही वावगं दिसत नाही, पण एक अट आहे. शरीराला जे आधीच येतं तेच शरीर प्रार्थनेत नीट करतं. गोदाघाटावर आरती पाहत वाढलेल्या माणसाला आरतीपुढे उभं कसं राहायचं ते शिकवावं लागत नाही; त्याचे हात आपोआप जुळतात. पण सणाच्या दिवशी मुलींची रांग ताटं घेऊन नाचत येते आणि निम्मं चर्च मोबाइल उंचावून व्हिडिओ काढतं, तेव्हा त्या आरतीत भारतीय काय उरतं आणि ख्रिस्ती काय उरतं, देवच जाणे.

शरीराच्या भाषेचा एक नमुना मला फार आवडतो. चौथ्या शतकात जेरुसलेमचे बिशप सिरिल नव्याने स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्यांना ख्रिस्तप्रसाद कसा घ्यायचा ते शिकवत. राजाला घ्यायचंय, म्हणून डाव्या हाताचं सिंहासन करून त्यावर उजवा हात ठेवा, तळव्याची ओंजळ करा, आमेन म्हणा. आणि कण सांडू देऊ नका. कोणी सोन्याची पूड हातावर दिली असती तर किती जपली असती? आता कोणत्याही मराठी घरात तीर्थ-प्रसाद कसा घेतात ते आठवा: उजवा तळवा वर, डावा खाली. सोळाशे वर्षांपूर्वीच्या जेरुसलेमचा हात आणि पंचवटीतल्या आजीचा हात एकच. गंमत म्हणजे आज चर्चमध्ये उलट शिकवतात: डावा वर, उजवा खाली, म्हणजे उजव्याने उचलून तोंडात घालता येतं. पण आमच्यातले कितीतरी जुने लोक अजून उजवाच पुढे करतात आणि फादरही काही बोलत नाहीत. कोणी हातावर घेतं, कोणी जिभेवर. यावरून कोणाच्या भक्तीची मापं काढू नयेत. हात ज्या तऱ्हेने पुढे येतो त्यावरून तो माणूस काय घ्यायला आलाय हे मात्र दिसतं.

वेदीवर काय चढतं त्याबाबत चर्चचा कायदा फार काटेकोर आहे. भाकर निव्वळ गव्हाची. द्राक्षारस द्राक्षाचाच, नैसर्गिक, न बिघडलेला. दुसऱ्या कोणत्या फळाचा रस चालत नाही. जगात पुष्कळ ठिकाणच्या कॅथलिकांनी द्राक्षाची वेल चित्रातच पाहिलेली असते; आमच्याकडे निफाड-दिंडोरीचा माणूस सकाळी बागेत औषध मारून, अंघोळ करून मिस्सेला येतो. फादर पेला उचलून म्हणतात, हे वेलीचं फळ आणि माणसाच्या हातच्या कष्टाचं फळ. अवकाळीने घड तडकलेले ज्याने महिन्यापूर्वी पाहिलेत त्याला या वाक्याचं निरूपण लागत नाही. आणि वाचनांच्या चक्रात एक योग असा जुळलाय की तो नाशिकसाठीच ठेवल्यासारखा वाटतो. तीन वर्षांतून एकदा, मार्कच्या वर्षी, पुनरुत्थानकाळाच्या पाचव्या रविवारी योहानाचा पंधरावा अध्याय येतो: मी खरा द्राक्षवेल, माझा पिता बागवान, फळ देणाऱ्या फाट्याला जास्त फळ यावं म्हणून तो छाटतो. हा रविवार पडतो एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये. म्हणजे खरड छाटणी नुकतीच उरकलेली असते, बाग उघडीबोडकी, नुसते ओलांडे, नवखा माणूस म्हणेल हिची वाट लागली. अशा बागांमधून येऊन लोक हा उतारा ऐकतात. त्या दिवशी प्रवचनाला फादरांनी फार खोल धर्मशास्त्रात जाऊ नये, बांधावर उभं राहावं, पुरे.

प्रवचनाबद्दल जास्त लिहीत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2024 मध्ये सांगून टाकलं होतं की आठ मिनिटांच्या वर नको, पुढे लोकांचं लक्ष उडतं. त्यांचं ऐकणारे फादर मला भेटलेत, न ऐकणारेही.

आता ज्या गोष्टीशिवाय हा सगळा विषय नुसता सौंदर्याचा राहील, ती. बायबलच्या नव्या करारात प्रभुभोजनाबद्दल सगळ्यात कडक शब्द प्रेषित पौलाचे आहेत, ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेले. तिथे काय चाललं होतं? लोक एकत्र जमायचे, पण पैसेवाले आपापलं आणलेलं आधीच खाऊन-पिऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी बसायचे. पौल म्हणतो, हे प्रभूचं भोजनच नव्हे; ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. आणि याच संदर्भात तो म्हणतो की अयोग्य रीतीने ही भाकर खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो. पुढे शतकानुशतकं या वाक्याने लोकांना घाबरवलं गेलं: पापनिवेदन झालं नाही, उपास मोडला, मग पुढे जाऊ नकोस. तो अर्थ चुकीचा नाही. पण पौलाच्या डोळ्यांपुढे आधी काय होतं? पंगतीत शेजारी बसलेला उपाशी माणूस.

हे नाशिकमध्ये वाचताना वेगळं वाचावं लागतं. काळाराम मंदिराच्या दारात 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो याच गावात. देवापुढे कोण जाऊ शकतं आणि कोण नाही, हा प्रश्न इथल्या मातीत आहे. आमच्या धर्मप्रांतातला मोठा समाज एकेकाळी गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींतून आलेला. पाण्याला शिवू न दिलेल्या माणसांच्या नातवंडांनी एका ओळीत उभं राहून एका ताटातलं घ्यावं, याला मी विधीतला किरकोळ तपशील मानत नाही. जात चर्चच्या उंबऱ्याबाहेर राहिली असा दावा मात्र कोणी करू नये; लग्न जमवताना ती बरोबर डोकावते, कधी धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या समितीतही. म्हणून धूप, समई, गाणं, शांतता सगळं जागच्या जागी असलं आणि शेवटच्या बाकावर बसणारी घरकाम करणारी बाई कायम शेवटच्याच बाकावर राहिली, तर मला ती मिस्सा आदराची वाटत नाही. जस्टिनने विधवा आणि कैद्यांच्या सोयीचा उल्लेख उपासनेच्या वर्णनातच केला होता, वेगळ्या परिच्छेदात समाजकार्य म्हणून नव्हे.

लॅटिनचा वाद उरला. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत रोमी पद्धतीची मिस्सा 1570 च्या पुस्तकाप्रमाणे लॅटिनमध्ये होत असे. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांना पाठमोरे. लोक मागे बसून बरेचदा आपली जपमाळ ओढत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषा आल्या, मराठी आली. काहींना वाटतं की आदर त्या लॅटिनबरोबर गेला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 मध्ये जुन्या पद्धतीला मोकळीक दिली, फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये ती पुन्हा आवळली, आणि दोन्ही बाजूंनी बरीच धुसफूस झाली. नाशिकमध्ये याची झळ फारशी नाही. मला वाटतं, लॅटिनकडे ओढले जाणारे लोक काही खऱ्या गोष्टी शोधत असतात: स्थैर्य, शांतता, फादरांचा स्वभाव मध्ये न येणं. पण या गोष्टी भाषेच्या मालकीच्या नाहीत. मराठी मिस्सेतही त्या मिळतात, पुस्तकात लिहिलंय ते पूर्ण आणि सावकाश केलं तर. परिषदेने लोकांच्या सहभागावर जोर दिला त्याचाही असाच विपर्यास होतो. सहभाग म्हणजे प्रत्येकाच्या हाती काहीतरी काम, असं समजून समित्या नेमल्या जातात. मन लावून ऐकणं हाही सहभागच आहे, आणि तो बहुतेक सगळ्यात कठीण.

तुम्हाला कधी यावंसं वाटलं तर यात्रेच्या दिवशी येऊ नका, गर्दीत काही कळणार नाही. आठवड्यातल्या एखाद्या साध्या दिवशी सकाळच्या मिस्सेला या. कॉयर नसतो, अर्ध्या तासात आटोपते, वीस-पंचवीस माणसं असतात. मागच्या बाकावर बसा. इतर उभे राहिले की उभे राहा, गुडघे टेकले नाहीत तरी चालतं. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र जाऊ नका. तो सगळ्यांना वाटायचा गोड प्रसाद नव्हे. स्नानसंस्कार झालेल्या आणि तयारी केलेल्या कॅथलिकांसाठी तो असतो, आणि आमच्यातलेही काही जण काही कारणाने बसून राहतात, त्यामुळे तुमच्याकडे कोणी वळून बघणार नाही. "आपण प्रार्थना करू या" म्हटल्यावर फादर किती थांबतात ते जरूर बघा. संपल्यावर ते बहुतेक दाराशी येऊन उभे राहतात. काही विचारायचं असेल तर तेव्हाच विचारा. चहाआधी त्यांना तेवढा वेळ असतो.